लॉगरिदम आणि रोजचे आकडे: सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीची मुलं, त्यांचे पालक, मातीचा रिपोर्ट हातात घेऊन आलेले डाळिंबवाले, यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणारे, शेअर बाजारात नुकतेच पैसे घातलेले अशा सगळ्यांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे शेवटी आहेत. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गणिताची पाटी कोरी असली तरी हरकत नाही, पहिला प्रश्न तेवढा नीट वाचा.

१. लॉग म्हणजे नेमकं काय? शाळेत टेबल उघडून उत्तरं काढली, पण अर्थ कधी कळलाच नाही.

एखादी संख्या मिळवण्यासाठी १ ला किती वेळा १० ने गुणावं लागतं, ते सांगणारा आकडा म्हणजे त्या संख्येचा लॉग. १०० साठी दोनदा, म्हणून लॉग २. हजारासाठी ३, लाखासाठी ५, कोटीसाठी ७. इथपर्यंत नुसती शून्यं मोजायची.

मधल्या संख्यांचे लॉग मधले येतात. २ चा लॉग ०.३०१, ३ चा ०.४७७, ५ चा ०.६९९. २० चा लॉग १.३०१ आणि २०० चा २.३०१, कारण दर वेळी १० ची एक पट वाढली. टिंबाआधीचा आकडा संख्या केवढ्या घरातली आहे ते सांगतो आणि टिंबानंतरचा भाग त्या घरात ती कुठे बसते ते सांगतो.

२०११ च्या जनगणनेचे आकडे घ्या. पंढरपूर शहर जवळजवळ ९९ हजार, लॉग ४.९९५. सोलापूर शहर ९,५१,५५८, लॉग ५.९७८. सोलापूर जिल्हा ४३,१७,७५६, लॉग ६.६३५. महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख, लॉग ८.०५१. भारत १२१ कोटी, लॉग ९.०८३. आता देश जिल्ह्याच्या किती पट आहे? ९.०८३ मधून ६.६३५ वजा करा, २.४४८ उरले. तेवढा लॉग असलेली संख्या २८०. म्हणजे आपल्यासारखे २८० जिल्हे भरतील एवढा देश. भागाकार करायचा होता, वजाबाकीत काम झालं.

लॉग ही 'किती पट?' या प्रश्नाची भाषा आहे. 'किती जास्त?' असं विचारायचं असेल तर साधी वजाबाकी पुरे. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हा फरक पुन्हा भेटेल.

२. हातात मोबाइल असताना लॉग टेबल कशाला शिकायचं?

परीक्षेपुरतं उत्तर असं की बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. पण या प्रश्नामागची तळमळ त्याहून मोठी असते.

स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदमची पहिली कोष्टकं छापली, तेव्हा खरी गरज आकडेमोडीचीच होती. ग्रहांच्या गणितात सात-सात, आठ-आठ अंकी गुणाकार करावे लागत आणि एक अंक चुकला की सगळं पुन्हा. नेपियरच्या युक्तीने गुणाकाराची बेरीज झाली. लंडनच्या हेन्री ब्रिग्जने पुढे १० हा पाया धरून कोष्टकं बेतली, आणि आपल्या मुलांच्या दप्तरातली टेबलं त्याच वळणाची आहेत. त्यानंतर साडेतीनशे वर्षं इंजिनिअर, खलाशी आणि खगोलशास्त्रज्ञ त्यावर जगले.

ते काम आता मशीन करतं, आणि ते बरंच झालं. पण भूकंपाची तीव्रता, आवाजाचे डेसिबल, मातीचा पीएच, बाजाराचे ग्राफ हे सगळे आकडे मुळातच लॉगमध्ये छापून येतात. कॅल्क्युलेटर ८.२ आणि ७.२ ची वजाबाकी १ अशी देईल, त्या १ चा अर्थ दहापट आहे हे त्याला सांगता येणार नाही. शिकायचं ते यासाठी.

३. लॉगची कल्पना आपल्याकडे आधीच होती असं ऐकलं. खरं आहे का?

कल्पनेचा एक महत्त्वाचा भाग होता, आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा. नवव्या शतकातल्या जैन आचार्य वीरसेनांच्या 'धवला' या भाष्यग्रंथात 'अर्धच्छेद' येतो: एखादी संख्या १ उरेपर्यंत किती वेळा निम्मी करता येते तो आकडा. ३२ चे अर्धच्छेद ५. आजच्या भाषेत हा २ या पायाचा लॉग झाला. तीनने आणि चारने भाग देत जाण्यासाठी त्रिकच्छेद आणि चतुर्थच्छेदही आहेत, आणि दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमसुद्धा तिथे आहे.

मात्र त्यावरून कोणत्याही संख्येचा लॉग देणारी कोष्टकं बनली नाहीत, रोजची आकडेमोड त्यावर चालली नाही. ते काम नेपियर आणि ब्रिग्जचं. दोघांचं श्रेय दोघांना द्यावं.

जैन गणिताशी सोलापूरचं नातं जवळचं आहे. याच परंपरेतल्या महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेतून निघाला.

४. लॉगचा पाया कधी १०, कधी २, कधी ई (म्हणजे सुमारे २.७१८). कोणता बरोबर?

तिन्ही बरोबर. पाया बदलला की सगळे लॉग एकाच ठरावीक संख्येने गुणले जातात, बाकी काही बदलत नाही. १० च्या पायाचा लॉग २.३०३ ने गुणला की ई च्या पायाचा मिळतो, ०.३०१ ने भागला की २ च्या पायाचा. लोकांना समजावताना १० घ्या. दुप्पट होण्याचा हिशेब असेल तर २ सोयीचा. सतत वाढणाऱ्या गोष्टींच्या सूत्रांत ई येतो.

५. शेकडा तीनने पैसे घेतलेत. रक्कम दुप्पट कधी होईल? आणि बँकेतली एफडी दुप्पट व्हायला किती वर्षं?

हा प्रश्न फार जणांचा असतो आणि तो विचारताना माणूस बहुधा अडचणीत असतो, म्हणून जरा सविस्तर.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये. तुम्ही दर महिन्याला व्याज चुकतं करत असाल तर मुद्दल तेवढीच राहते. व्याज थकलं आणि त्यावर पुन्हा व्याज चढू लागलं की दर महिन्याला देणं १.०३ पट होतं. प्रश्न असा उरतो: १.०३ ने किती वेळा गुणलं की २ होतात? 'किती वेळा गुणलं' असा प्रश्न आला की उत्तर लॉगकडे असतं.

२ चा लॉग ०.३०१०३. १.०३ चा लॉग ०.०१२८४. भागाकार २३.४. म्हणजे ५० हजारांचे लाख व्हायला दोन वर्षंसुद्धा लागत नाहीत. वर्षाचा खरा दर ३६ टक्के नसून ४२.६ टक्के पडतो, कारण १.०३ बारा वेळा गुणलं की १.४२६ येतात. शेकडा पाच असेल तर १४.२ महिन्यांत दुप्पट, आणि वर्षाचा दर जवळजवळ ८० टक्के. पैसे घेण्याआधी हा एक भागाकार करून बघा, अशी कळकळीची विनंती आहे. 'फक्त तीन टक्के' हे ऐकायला छोटं वाटतं ते महिन्याचं माप असल्यामुळे.

एफडी ७ टक्के असेल आणि व्याज वर्षाला मुद्दलात मिळत असेल तर ०.३०१०३ भागिले ०.०२९३८, म्हणजे सव्वादहा वर्षं. तिप्पट हवी असेल तर वरच्या जागी ३ चा लॉग ठेवा: ०.४७७१२ भागिले ०.०२९३८, सव्वासोळा वर्षं.

'७२ ला दराने भागा' हा एजंट लोक सांगतात तो ठोकताळा याच भागाकारातून आला आहे. ७ टक्क्यांना तो १०.३ वर्षं देतो, म्हणजे अगदी जवळ. पण दर मोठा झाला की ठोकताळा सरकतो. वर्षाला ३६ टक्के दर असेल तर तो २ वर्षं म्हणेल, खरं उत्तर सव्वादोन.

६. सोलापूर शहर किती वेगाने वाढलं, हे दोन जनगणनांवरून काढता येईल का?

येईल, पद्धत प्रश्न ५ मधलीच, फक्त उलटी. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या ७५,२८८ होती, २०११ मध्ये ९,५१,५५८. लॉग ४.८७७ वरून ५.९७८ वर गेला, फरक १.१०१. एकदा दुप्पट होणं म्हणजे ०.३०१, तेव्हा ११० वर्षांत शहर ३.६६ वेळा दुप्पट झालं. सरासरी तीस वर्षांतून एकदा, वर्षाला साधारण २.३ टक्के.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, हा सरासरी वेग आहे. २००१ मध्ये शहर सुमारे ८ लाख ७२ हजारांचं होतं, तिथून २०११ पर्यंतचा वेग वर्षाला ०.९ टक्क्यांच्या आसपास येतो. त्या वेगाने दुप्पट व्हायला ऐंशी वर्षं लागतील. गिरण्यांच्या भरभराटीचं शहर आणि गिरण्या बंद झाल्यानंतरचं शहर एकाच सरासरीत घातलं तर दोन्ही झाकली जातात. दुसरी, १९९२ मध्ये हद्दवाढ झाली. आजूबाजूची गावं शहरात आली, माणसं जिथे होती तिथेच राहिली आणि आकडा मात्र चढला. लॉगला हे कळत नाही, ते आपणच लक्षात ठेवायचं.

७. ग्राफच्या बाजूला १००, १०००, १०,००० असं लिहिलेलं असतं. तो वाचायचा कसा?

हा लॉग स्केलचा ग्राफ. साध्या ग्राफमध्ये एक चौकट वर गेलं की ठरावीक आकडा मिळवला जातो, इथे एक चौकट वर गेलं की ठरावीक पट होते. १०० ते १००० ची उंची आणि १००० ते १०,००० ची उंची सारखीच. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर ५५० नसतो, ३१६ च्या आसपासचा आकडा असतो. २०० हा ३० टक्के उंचीवर, ५०० हा ७० टक्के उंचीवर.

अशा ग्राफवर सरळ रेघ दिसली तर वाढीचा टक्का स्थिर आहे. रेघ वाकून आडवी होत असेल तर टक्का घटतोय, आकडा वाढत असला तरी. २०२० मध्ये कोरोनाचे ग्राफ असे काढत होते ते याचसाठी: साथ आटोक्यात येऊ लागली की नाही, हे साध्या ग्राफपेक्षा इथे लवकर दिसतं. आणि दोन रेघा समांतर असतील तर दोघांचा वेग सारखा, भले एक शंभरात असो आणि दुसरी लाखात.

सेन्सेक्सचं उदाहरण बघा. १९७८-७९ हे मूळ वर्ष धरून त्याला १०० मानलं, १९९० मध्ये तो १,००० झाला, २००६ मध्ये १०,००० आणि जुलै २०२४ मध्ये ८०,०००. साध्या ग्राफवर १९९० च्या आधीचं सगळं जमिनीला चिकटलेलं दिसतं. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांजवळ गेला आणि वर्षभरात निम्म्याच्या आसपास आला. कित्येक घरं त्यात बुडाली. ८०,००० पर्यंतच्या साध्या ग्राफवर ती घसरण उंचीच्या तीनेक टक्के, नजरेतही भरत नाही. लॉग स्केलवर ती पूर्ण उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढी दिसते. ज्याचे पैसे निम्मे झाले त्याला ती तशीच वाटली होती.

बाजारात नव्याने येणाऱ्यांनी लांब पल्ल्याचा ग्राफ आधी लॉग स्केलवर पाहावा, असं मला मनापासून वाटतं. साध्या ग्राफवर शेवटची काही वर्षं नेहमीच रॉकेटसारखी दिसतात.

८. कांदा ५० टक्के पडला आणि मग ५० टक्के वाढला. म्हणजे भाव जागेवर आला ना?

नाही आला. सोलापूर बाजार समितीत क्विंटलला २,००० होता, ५० टक्के पडून १,००० झाला, त्यावर ५० टक्के चढून १,५०० झाला. पुन्हा २,००० व्हायला १०० टक्के वाढ लागते. टक्केवारी दर वेळी वेगळ्या पायावर मोजली जाते म्हणून हा घोळ होतो. लॉगमध्ये निम्मं होणं म्हणजे उणे ०.३०१ आणि दुप्पट होणं म्हणजे अधिक ०.३०१. जेवढं खाली तेवढंच वर. भावातली चढउतार तुलनेने बघायची असेल तर लॉगसारखं प्रामाणिक माप नाही.

पण इथेच एक चूक होते, ती मुद्दाम सांगतो. एकदा भाव १,००० मिळाला, एकदा ४,०००. लॉगांची सरासरी काढून परत फिरवली तर २,००० येतात. साधी सरासरी २,५००. शेतकऱ्याने दोन्ही वेळा दहा-दहा क्विंटल विकला असेल तर हातात ५०,००० रुपये आले, क्विंटलमागे २,५००. खिशात पैसे बेरजेने येतात, तिथे लॉगची सरासरी लावू नका. आणि माल दर वेळी वेगळा विकला असेल तर एकूण रकमेला एकूण क्विंटलने भागा, तोच खरा भाव.

९. शेडमधले निम्मे माग बंद केले तरी मीटरवर आवाज तीननेच कमी झाला. मीटर बिघडलाय का?

मीटर ठीक आहे. डेसिबल हे लॉगचं माप. आवाजाची शक्ती दहापट झाली की १० डेसिबल वाढतात, दुप्पट झाली की ३ (कारण २ चा लॉग ०.३०१, त्याला १० ने गुणलं की ३). निम्मे माग बंद केले, शक्ती निम्मी झाली, आकडा ३ ने उतरला. १० डेसिबल उतरवायचे असतील तर दहातले नऊ माग बंद करावे लागतील.

कानाचं गणित आणखी वेगळं आहे. शक्ती दहापट झाली तेव्हा कुठे माणसाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणूनच मागावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला 'सवय झाली, काही वाटत नाही' असं वाटतं, आणि कानाच्या आतल्या पेशी मात्र शक्तीच्या हिशेबाने मरत राहतात. त्या पुन्हा येत नाहीत. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेचा सल्ला असा: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एकच तास. यंत्रमागाच्या शेडमध्ये आकडा ९० च्या वर जाणं नवलाचं नाही. कानात घालायचे बोळे नीट बसवले आणि त्यांनी २० डेसिबल अडवले, तर आत शंभरावा हिस्सा जातो. काही रुपयांच्या वस्तूने होणारं एवढं मोठं काम दुसरं क्वचितच असेल.

मिरवणुकीतल्या डीजेबद्दल: १०० डेसिबलचे दोन शेजारी शेजारी लावले तर २०० होत नाहीत, १०३ होतात. म्हणून 'दुसऱ्या मंडळाने फक्त तीनच वाढवले' हे म्हणणं फसवं आहे, त्याने आवाजाची शक्ती दुप्पट केली. ध्वनिप्रदूषण नियमांत (२०००) निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहाचा फरक म्हणजे रात्री दिवसाच्या दहाव्या हिश्शाएवढीच मुभा.

१०. किल्लारी ६.२ आणि भूज ७.७. दीडचाच फरक, मग भूज एवढा मोठा कसा?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा हादरा सोलापुरातही जाणवला होता, त्यामुळे हा प्रश्न आजही येतो. भूकंपाच्या मापनात १ ने वाढ म्हणजे जमिनीच्या हेलकाव्याचा आकार दहापट, आणि बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे ३२ पट. दीडचा फरक म्हणजे हेलकावा ३२ पट आणि ऊर्जा जवळजवळ १७८ पट. एका आकड्याची दोन उत्तरं येतात, कारण ऊर्जा हेलकाव्याच्या दीड घाताने वाढते. बातमीत 'इतक्या पट मोठा' असं वाचलं की कशाची पट, हे आधी शोधा.

आणि ही तीव्रता जमिनीखाली काय घडलं ते सांगते, गावात काय झालं ते सांगत नाही. किल्लारीला केंद्र उथळ होतं, दगडमातीच्या जाड भिंतींची घरं होती, माणसं झोपेत होती. तिथलं दुःख ६.२ या आकड्यात मावत नाही.

रिश्टरचं मूळ माप १९३५ चं, कॅलिफोर्नियापुरतं बनवलेलं. मोठ्या भूकंपांसाठी आता वेगळं माप वापरतात, बातम्यांत नाव जुनंच चालतं.

११. डाळिंबाच्या मातीचा पीएच ८.२ आला. शेजाऱ्याचा ७.२. एकानेच तर जास्त आहे, काळजी करायची का?

लक्ष द्यायला हवं. पीएच हे डेन्मार्कच्या सोरेन्सनने १९०९ मध्ये आणलेलं लॉगचंच माप, हायड्रोजन आयनांचं. एकाने वाढ म्हणजे ते आयन दहाव्या हिश्शावर आले. चिन्ह उलटं लावलं आहे, म्हणून आकडा वाढतो तशी आम्लता घटते. (ताऱ्यांच्या प्रतींत, म्हणजे तेजस्वीपणाच्या मापातही, असाच उलटा हिशेब आहे: व्याध उणे १.४६, ध्रुव सुमारे २, आणि व्याध ध्रुवाच्या सुमारे २४ पट तेजस्वी दिसतो. तिथे पाच प्रतींची शंभर पट होते.)

आपल्या भागातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत पीएच ८ च्या वर असणं नेहमीचं आहे. पिकाला त्याचा त्रास लोहामुळे जास्त होतो. पीएच एकाने चढला की मातीच्या पाण्यात विरघळणारं फेरिक लोह सुमारे हजारपट घटतं, दहाचा तीनदा गुणाकार. जमिनीत लोह भरपूर असूनही उसावर केवडा पडतो, डाळिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

याचा दुसरा अर्थ असा की पीएच एकाने खाली आणणं हे लहान काम नाही. चुनखडी आम्लाला पुरून उरते. 'एका हंगामात ८.५ चा ७.५ करून देतो' असं कोणी सांगितलं तर रिपोर्ट घेऊन आधी कृषी विज्ञान केंद्रात किंवा केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारा.

१२. शेताच्या दोन कोपऱ्यांत पीएच ७.५ आणि ८.५ आहे. सरासरी ८ धरू का? डेसिबलचं काय?

लॉगमधल्या आकड्यांची थेट सरासरी ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. डेसिबलपासून सुरू करू. एका तासात ६० आणि पुढच्या तासात ९०, तर सरासरी ७५ नाही. आधी शक्तीत बदला (एक दुसऱ्याच्या हजारपट आहे), सरासरी काढा, परत लॉग घ्या: ८७ येतं. मोठा आवाज सगळं व्यापून टाकतो, कानाच्या नुकसानीतही तसंच होतं.

पीएचमध्ये त्याच रीतीने ७.५ आणि ८.५ ची सरासरी ७.७६ येते. पण माती ही शुद्ध पाणी नव्हे. प्रश्न ११ मधली चुनखडी इथेही आडवी येते, आणि दोन माती खरोखर मिसळल्या तर येणारा पीएच या हिशेबापेक्षा वेगळा असू शकतो. म्हणून शेतासाठी सरासरीच्या फंदात न पडता दोन कोपरे वेगळे धरा, वेगळे नमुने द्या, खतही वेगळं ठरवा.

१३. खरे आकडे १ ने जास्त सुरू होतात म्हणे. वीजबिलांपासून गावांच्या लोकसंख्येपर्यंत? हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि कारण प्रश्न ७ मधल्या लॉग स्केलमध्येच आहे. १ पासून १० पर्यंतच्या लॉगच्या अंतरात १ ते २ हा पट्टा ३०.१ टक्के जागा घेतो, २ ते ३ हा १७.६ टक्के, आणि ९ ते १० फक्त ४.६ टक्के. जे आकडे पटीने वाढतात आणि शेकड्यापासून लाखापर्यंत पसरलेले असतात, ते लॉगच्या पट्टीवर बऱ्यापैकी सारखे विखुरतात. म्हणून सुमारे ३० टक्क्यांची सुरुवात १ ने होते. खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांना हे १८८१ मध्ये लॉग टेबलाच्या पुस्तकावरून सुचलं: सुरुवातीची पानं जास्त मळलेली होती. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड यांनी तऱ्हेतऱ्हेच्या आकड्यांवर ते तपासलं, म्हणून नाव बेनफर्डचं.

आपल्या जिल्ह्यात हजाराहून जास्त गावं आहेत. जनगणनेची यादी घ्या आणि प्रत्येक गावाच्या लोकसंख्येचा पहिला अंक मोजा. मुलांना द्यायला यापेक्षा चांगला सुट्टीतला उद्योग मला माहीत नाही.

जिथे हे चालत नाही ती ठिकाणंही पक्की आहेत. पिनकोड (सोलापूर शहराचे ४१३ नेच सुरू होतात), मोबाइल नंबर, मोठ्या माणसांची उंची, किंवा वर मर्यादा घातलेल्या कर्जाच्या रकमा. यांत आकडे दिलेले तरी असतात किंवा एका अरुंद पट्ट्यात अडकलेले असतात. हिशेबतपासनीस हा नियम वापरतात, पण तो कुठे बघायचं एवढंच दाखवतो. पहिल्या अंकांवरून कोणाला चोर ठरवू नये.

१४. लॉग स्केल लावून लोकांची दिशाभूल करता येते का?

येते. दहा लाखांचा आणि एक कोटीचा माणूस लॉग स्केलवर एकाच चौकटीचे शेजारी दिसतात, आणि विषमता होती त्याहून सौम्य भासते. पैसे, पाणी, मृत्यू अशा बेरजेच्या गोष्टी किती आहेत हे सांगायचं असेल तर साधा ग्राफच दाखवावा.

सगळ्यांत वाईट म्हणजे लॉग स्केलवरचे उभे खांब. लॉगच्या पट्टीवर शून्य कुठेच नसतं, त्यामुळे खांब कुठून सुरू करायचा हे काढणारा ठरवतो. १ पासून सुरू केला तर १०० चा खांब आणि १,००० चा खांब यांची उंची दोनास तीन. १० पासून सुरू केला तर एकास दोन. आकडे तेच, चित्र वेगळं. लॉगवर ठिपके किंवा रेघा काढा, खांब नको.

१५. पावसाच्या नोंदीत शून्याचे दिवस आहेत, आणि उजनीचा साठा तर उणे टक्क्यांत जातो. यांचा लॉग कसा काढू?

शून्याचा लॉग नसतो, उणे संख्येचाही (रोजच्या वापरात) नसतो. १ ला १० ने कितीही वेळा भागत गेलात तरी शून्य हाती लागत नाही.

पावसासाठी काही जण प्रत्येक नोंदीत १ मिळवून लॉग घेतात. चालतं, पण मिलिमीटरमध्ये १ मिळवला आणि सेंटिमीटरमध्ये १ मिळवला तर निकाल वेगळे येतात, तेव्हा काय मिळवलं ते लिहून ठेवा. त्यापेक्षा दोन प्रश्न वेगळे करणं बरं: किती दिवस पाऊस पडला, आणि पडला त्या दिवशी किती.

उजनीची गोष्ट निराळी आहे. धरणात पाणी उणे कधीच नसतं. एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात ६३.६६ मृतसाठा (एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी) आणि ५३.५७ उपयुक्त. टक्का उपयुक्त साठ्यावर मोजतात आणि शून्य मृतसाठ्याच्या पातळीवर ठेवलेलं असतं. पाणी त्याखाली गेलं की टक्का उणे होतो. उणे ५० टक्के म्हणजे ५३.५७ चे निम्मे, २६.७९ वजा करा: धरणात अजून ३६.८७ टीएमसी आहे. त्यातलं काही गाळाने व्यापलेलं असतं, ते वेगळं.

एकूण साठा घेतला तर लॉग निघेल, पण काढू नका. भरलेल्या धरणापासून तळाच्या उन्हाळ्यापर्यंत फरक तीन-चार पटींचाच आहे, आणि शेती, शहर, बाष्पीभवन यांची बेरीज-वजाबाकी टीएमसीतच चालते. साधा ग्राफ काढा: उभ्या अक्षावर शून्यापासून एकूण टीएमसी, ६३.६६ वर एक आडवी रेघ, आणि तारखेनुसार ठिपके. रेघेखालचे ठिपके म्हणजे बातमीतले उणे टक्के.